समथिंग एल्स

'लिनक्स बसवायला वीस मिनिटं पुरतात' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. ती वीस मिनिटं कुठून मोजायची, एवढंच तो सांगत नाही. फायली डिस्कवर उतरायला खरोखरच तेवढा वेळ लागतो. पडद्यावर एक पट्टी सरकत असते, वर नव्या सिस्टीमचे गोडवे गाणारी चित्रं बदलत असतात, आपण चहा करून येईपर्यंत काम उरकलेलं असतं. भानगड असते ती या वीस मिनिटांच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे डिस्कची वाटणी असते आणि पलीकडे 'सकाळी आधी कोण उठणार' हा वाद असतो. या दोन्हींत माणसाची सुट्टी जाते, झोप जाते आणि कधीकधी लग्नाच्या फोटोंचा अख्खा फोल्डर जातो.

ओळखीच्या प्रत्येक गोतावळ्यात एक तरी लिनक्सवाला असतोच. कुणाचा कम्प्युटर हळू चालतो एवढं कानावर पडायचा अवकाश, 'दे इकडं, लिनक्स टाकून देतो' म्हणत तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो. हा पेनड्राइव्ह त्याच्याकडे लग्नकार्यातही असतो. पूर्वी त्याच्याकडे सीड्या असायच्या. काही संगणक मासिकांबरोबर आलेल्या, काही उबुंटूवाल्यांनी धाडलेल्या. २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. फुकट म्हटल्यावर आपल्या लोकांनी त्या मागवताना हात आखडता घेतला नाही. बसवून उरलेल्या सीड्या पुढं कित्येक वर्षं गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगलेल्या दिसत. लिनक्सचा भारतीय घरांत झालेला सर्वांत निर्विघ्न वापर तोच, असं माझं मत आहे.

बाकी सगळा वापर एका पडद्यापाशी येऊन अडखळतो. उबुंटूचा इन्स्टॉलर बरीच वर्षं तिथं तीन पर्याय द्यायचा. पहिला : विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा : डिस्क पुसून बसवा. तिसरा : समथिंग एल्स. बस्स, एवढंच. समथिंग एल्स म्हणजे काय, ते आत गेल्यावर कळेल.

माणूस ओळखायचा असेल तर त्याला या पडद्यासमोर बसवावं. पहिला पर्याय घेणारे पापभीरू असतात. त्यांना मधोमध एक दांडी दिसते, ती डावी-उजवीकडे सरकवून कुणाला किती जागा ते ठरवायचं. हे लोक दांडी सरकवत नाहीत. आहे तिथं ठीक आहे म्हणतात. दुसरा पर्याय घेणारे दोन प्रकारचे, एक तर नवा कोरा कम्प्युटर घेतलेले, नाहीतर आयुष्यात कुणावर तरी भयंकर चिडलेले. त्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यानं तुमचे सगळे प्रोग्राम, कागदपत्रं, फोटो, गाणी, सगळं काही पुसलं जाईल. 'डिस्क पुसा'वर टिचकी मारणारे हे वाचतात, पण कामाला लागलेली पट्टी अर्ध्यावर आल्यानंतर.

तिसरा पर्याय जाणकारांसाठी आहे. म्हणून तो सगळेच घेतात.

आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो असा, की तिथं सी, डी, ई यांपैकी कुणीच नसतं. आपल्याकडे घरात कम्प्युटर आला तो लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून जुळवून. जुळवणारा मुलगा एकाच डिस्कचे तीन तुकडे करून द्यायचा. सी विंडोजचा, डी कामाचा, ई पिक्चर आणि गाण्यांचा. 'सीमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की उडेल' असं तो जाता जाता बजावायचा, आणि पुढं फॉरमॅट मारायला तोच यायचा. हा उपदेश लोकांनी इतका मनावर घेतला की आजही काही काका मंडळी डेस्कटॉपवर फाईल ठेवताना इकडंतिकडं बघतात. लिनक्सच्या तक्त्यात या तिघांचा मागमूस नसतो. तिथं असतात एसडीए-१, एसडीए-२ आणि मग एकदम एसडीए-५, एसडीए-६. तीन आणि चार कुठं गेले, हे विचारणारा माणूस त्या क्षणी त्या रात्रीच्या झोपेवर पाणी सोडतो.

हे समजून घ्यायचं तर डिस्कचा सातबारा काढावा लागतो. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी कम्प्युटरमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिच्या जमाबंदीची रीत पीसी डॉस २.० ने घालून दिली. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातले ६४ बाइट्स म्हणजे उतारा. एका खातेदाराच्या नोंदीला १६ बाइट्स, म्हणजे खातेदार फक्त चार. १० एमबीला चार वारस पुष्कळ झाले, असं तेव्हा वाटलं असणार. पुढं डिस्का वाढल्या, वारस वाढले, पण उतारा तेवढाच राहिला. मग तोड अशी निघाली की चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' म्हणायचं. हा स्वतः काही कसत नाही, याच्या हद्दीत पोटहिस्सेदार बसवायचे. त्यांचे नंबर पाचापासून सुरू होतात, मग तीन आणि चार रिकामे का असेनात. डी आणि ई हे आपले जुने पोटहिस्सेदार.

तयार लॅपटॉप आले तेव्हा तर कंपन्यांनीच चारही नावं चढवून ठेवली. एक बूटचं, एक विंडोजचं, एक रिकव्हरीचं आणि एक कंपनीच्या स्वतःच्या अवजारांचं, ज्यांना विकत घेणाऱ्यानं कधी हात लावला नाही. आपला हौशी वीर विंडोज आक्रसून अर्धी डिस्क मोकळी करणार, मोठ्या उमेदीनं 'समथिंग एल्स'मध्ये शिरणार, आणि त्याच्या मोकळ्या केलेल्या जागेवर इन्स्टॉलर लिहिणार : अनयुजेबल. जमीन आहे, मोकळी आहे, कुणाचा बोजा नाही, पण उताऱ्यावर पाचवं नाव चढत नाही. आणि इथं भेटून मार्ग काढायला तलाठीही नाही.

नव्या कम्प्युटरांत ही पद्धत मोडीत निघाली. जीपीटी नावाच्या नव्या उताऱ्यात एरवी १२८ नोंदी मावतात. जुन्या उताऱ्याला २ टीबीच्या पुढची जमीन मोजताच यायची नाही, याला येते. शिवाय याची दुसरी प्रत डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला जपून ठेवलेली असते. जुन्या अवजारांनी ही डिस्क रिकामी समजून तिच्यावर नांगर फिरवू नये म्हणून पहिल्या सेक्टरात जुन्या पद्धतीची एक खोटी नोंदही असते : सगळी जागा भरलेली आहे, पुढं जा. इतका चोख बंदोबस्त पाहून वाटतं, आता वाद मिटले. पण प्रत्येक प्रकारच्या विभागाला इथं एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, आणि जुन्या बायॉसच्या मशीनवर ग्रब या बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टीम उठवणाऱ्या प्रोग्रामसाठी, जो चिमुकला विभाग ठेवावा लागतो, त्याचा क्रमांक अक्षरांत उलगडला की इंग्रजीत निघतं, 'हाह्! आय डोन्ट नीड ईएफआय'. ईएफआय म्हणजे बायॉसच्या जागी आलेली नवी व्यवस्था. नव्या व्यवस्थेच्या सरकारी दप्तरात जुन्या व्यवस्थेच्या माणसानं कायमचा मारलेला हा टोमणा. जगातल्या कित्येक सर्व्हरांच्या डिस्कांवर तो आज बसलेला आहे आणि एकाही बँकेला त्याची कल्पना नसेल.

रॅम अपुरी पडली तर डिस्कवर राखून ठेवलेली जागा, म्हणजे स्वॅप, किती ठेवायचा, यावर मी इथं काही लिहिणार नाही. 'रॅमच्या दुप्पट' हा नियम रॅम १६ एमबी होती तेव्हाचा आहे. आता १६ जीबी रॅमवाला माणूस ३२ जीबी स्वॅप ठेवतो आणि त्याला कुणी हटकलं तर 'असू दे, लागतो' म्हणतो. कशाला लागतो ते त्याच्या गुरूला माहीत होतं.

तर वाटणी झाली, वीस मिनिटं संपली, 'रीस्टार्ट नाऊ'चं बटन दाबलं. आता पलीकडचा भाग.

बंद कम्प्युटरला काहीही ठाऊक नसतं. आपण काय आहोत, आपल्यात लिनक्स आहे की विंडोज, मालक कोण, काही नाही. बटन दाबल्यावर जुन्या पद्धतीत बायॉस उठतो, डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, शेवटच्या दोन बाइट्सवर ठरलेली खूण आहे का बघतो आणि असली तर 'पुढचं तुम्ही बघा' म्हणून हात झटकतो. उताऱ्याचे ६४ आणि खुणेचे २ बाइट्स वजा जाता पुढचं बघायला उरतात ४४६ बाइट्स. देवनागरी मजकूर कम्प्युटरात साठवायला एकेका चिन्हाला ३ बाइट्स लागतात. म्हणजे कानामात्रा धरून पुरती दीडशे चिन्हंही त्यात बसत नाहीत. एवढ्या जागेत बूटलोडरनं आपला पत्ता सांगायचा, डिस्क शोधायची, पुढच्या माणसाला उठवायचं. तो करतो ते एकच : आपल्याहून थोड्या मोठ्या प्रोग्रामला हाक मारतो. तो आणखी मोठ्याला. यात प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत असतो. मधल्या कुणी घर बदललं की सगळं ठप्प.

पूर्वी हे काम लिलो करायचा. त्याच्याइतका मितभाषी प्रोग्राम मी पाहिलेला नाही. सुरू होताना तो स्वतःचं नाव लिहायचा, पण एकेक टप्पा पार पडेल तसं एकेक अक्षर. चारही अक्षरं उमटली तर सगळं सुरळीत. नुसता 'एल' उमटून पुढं आकड्यांची रांग लागली तर डिस्क वाचता येत नाहीय. 'एल आय'वर थांबला तर दुसरा टप्पा आणला, पण तो चालेना. 'एल आय एल'वर थांबला तर आणखी वेगळं दुखणं. रात्री दीड वाजता काळ्या पडद्यावर दोन अक्षरं, आणि त्यावरून निदान करायचं. त्यात त्याची स्मरणशक्ती विचित्र. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या फाईलमध्ये आहे हे तो लक्षात ठेवायचा नाही. डिस्कच्या कुठल्या ठिकाणी आहे ते ठेवायचा. नवं कर्नेल टाकलं आणि त्याला रीतसर कळवायचं राहिलं, की तो जुन्या जागी जाऊन उभा.

ग्रब आला तो फायली वाचायला शिकूनच. एरिक बोलिननं १९९५ मध्ये तो लिहायला घेतला तेव्हा त्याच्या मनात लिनक्स नव्हतं, जीएनयू हर्ड नावाची दुसरी सिस्टीम होती. हर्डची वाट लोक अजून पाहताहेत. ग्रब मात्र जगभर पोचला. बोलायलाही तो लिलोपेक्षा मोकळा. 'लोडिंग, प्लीज वेट' असं आदबीनं म्हणायचा आणि पुढच्याच ओळीत 'एरर १७'. १५ म्हणजे फाईल सापडत नाही, १७ म्हणजे विभाग उघडत नाही, २२ म्हणजे असा विभागच नाही. लिनक्सवाले हे आकडे तोंडपाठ म्हणायचे. फोनवर कुणी रडवेल्या आवाजात 'चालू होत नाहीय' म्हणालं की शांतपणे विचारायचे, 'सतरा आहे का बावीस?'

या ग्रबची मोजणी शून्यापासून. पहिली डिस्क शून्य, पहिला विभाग शून्य. लोकांनी शिव्या देत ते पाठ केलं. बोटं आपोआप एक वजा करू लागली. तेवढ्यात ग्रब २ आला. उबुंटूनं तो ऑक्टोबर २००९ मध्ये घेतला. त्यात पहिली डिस्क शून्यच राहिली, पण पहिला विभाग झाला एक. डिस्क शून्यापासून आणि विभाग एकपासून! हा निर्णय ज्या बैठकीत झाला असेल तिथं चहा उशिरा आला असावा, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही. तेव्हापासून जुने सल्ले आणि नवे सल्ले शेजारी शेजारी नांदतात, दोन्ही बरोबर असतात, आणि आपल्या मशीनला नेमका दुसरा लागू असतो.

विंडोज या सगळ्यापासून अलिप्त आहे. त्याच्या मते कम्प्युटरवर दुसरं कुणी राहतच नाही. बसताना ते पहिल्या सेक्टरात आपलं सामान मांडतो, आधी तिथं कोण होतं याची चौकशी करत नाही. म्हणून 'विंडोज आधी, लिनक्स नंतर' हा मंत्र. मंत्र माहीत नसतो त्याचं लिनक्स डिस्कवर धडधाकट असतं, पण त्याला उठवणारं कुणी उरत नाही.

आता यूईएफआय आलं, सिक्युअर बूट आलं. उठवणाऱ्या प्रत्येकाकडे सही-शिक्क्याचा कागद हवा. लिनक्सच्या दाराशी 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्राम उभा असतो, त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही. तो ग्रबची सही तपासणार, ग्रब कर्नेलची. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम-ग्रब बाद ठरवले आणि दोन्ही सिस्टीम नांदवणाऱ्या बऱ्याच कम्प्युटरांवर लिनक्स उठेना. पडद्यावर तांत्रिक कारण सांगून झाल्यावर एक वाक्य यायचं, 'समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग'. लिलोच्या दोन अक्षरांपासून इथपर्यंत केवढी प्रगती! पूर्वी काय बिघडलंय ते कळायचं नाही. आता ते कळत नाहीच, पण गंभीर आहे एवढं नक्की कळतं.

बंदोबस्ताचं म्हणाल तर डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की पासवर्ड लावलेल्या ग्रबसमोर युजरनेमच्या जागी बॅकस्पेस २८ वेळा दाबलं की तो पासवर्ड न विचारता आतलं दार उघडतो. २७ वेळा नाही, २८ वेळा. रुसलेल्या पडद्यासमोर आपण सगळेच काही ना काही बडवत असतो; मोजायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

आणि या सगळ्या उद्योगात पहिला मान कुणाचा, तर खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा. १९९१ च्या अखेरीस हेलसिंकीत त्याच्या कम्प्युटरवर मिनिक्स नावाची सिस्टीम होती आणि शेजारी त्याचं स्वतःचं नवं, अर्धंकच्चं लिनक्स. त्याला मोडेमवरून विद्यापीठाचा कम्प्युटर लावायचा होता. फोन फिरवायची आज्ञा मोडेमला द्यायच्या ऐवजी त्यानं हार्ड डिस्कला दिली. डिस्कनं ती निमूटपणे लिहून घेतली, नेमकी मिनिक्सच्या विभागाच्या डोक्यावर. मिनिक्स गेलं. आता ते पुन्हा बसवायचं की आपल्या लिनक्सवरच भागवायचं, असा प्रश्न पडला, आणि तो परत बसवण्याच्या खटपटीत पडला नाही. हार्ड डिस्कला फोन लावणाऱ्या माणसाच्या सिस्टीमवर आज जगातले बहुतेक सर्व्हर चालतात. त्यामुळं कुणाचा विभाग उडाला की मी त्याला आधी ही गोष्ट सांगतो. त्यानं त्याचा विभाग परत येत नाही, पण मला बरं वाटतं.

माझ्या भाच्याला मात्र ही गोष्ट सांगायची सोय नव्हती, कारण शेजारी ताई उभी होती.

म्हणजे आधी तिचा फोन आला. शनिवारी रात्री.

"अरे, लॅपटॉप काळा झालाय आणि काहीतरी इंग्रजीत म्हणतोय."

"काय म्हणतोय?"

"एरर, नो सच पार्टिशन. खाली ग्रब रेस्क्यू. आणि पुढं काही नाही, नुसती उभी रेघ लुकलुकतेय."

"कशाला हात लावू नकोस."

"लावला की. मी हेल्प असं टाइप केलं."

"मग?"

"अननोन कमांड हेल्प, म्हणाला."

हे अगदी खरं आहे. ग्रबच्या रेस्क्यू अवस्थेत जेमतेम तीन-चार आज्ञा चालतात आणि हेल्प त्यांत नाही. सुटकेसाठीच ठेवलेल्या खोलीत मदत हा शब्दच कुणाला कळत नाही. त्याबद्दल ताईला जे वाटलं ते तिनं मला स्पष्ट शब्दांत ऐकवलं, कारण दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या हातात लिनक्सचा पेनड्राइव्ह मीच दिला होता.

ताई डोंबिवलीतल्या आपल्या सोसायटीची खजिनदार. रविवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग, टाकी दुरुस्तीचा सगळा हिशोब त्या लॅपटॉपवर. मेगाब्लॉक सांभाळत मी दुपारपर्यंत पोचलो. भाचा दारातच म्हणाला, "मामा, मी काहीच केलं नाही. नुसतं डिलीट केलं."

हकीकत अशी. त्याला एक गेम घ्यायचा होता आणि गेमला जागा हवी होती. लिनक्स बरेच दिवस उघडलं नव्हतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्यानं लिनक्सचा विभाग उडवला. विंडोज हूं की चूं करत नाही, छान चालत राहतं. गेम उतरवायच्या आधी त्यानं एकदा रीस्टार्ट केला, आणि तिथं ग्रब उठला. पहिल्या सेक्टरातला ग्रब तसाच जिवंत होता. त्याचं बाकीचं सामान, मेनू, विंडोजचा पत्ता, सगळं त्या उडवलेल्या पाचव्या विभागात. त्यामुळं विंडोज डिस्कवर ठणठणीत असूनही त्याला हाक मारायची कशी, हे सांगणारं कुणी नाही.

"मग विंडोजची सीडी घालून दुरुस्त करता येईल ना?" ताईचा सरळ प्रश्न.

येईल की. पण विंडोज लॅपटॉपबरोबरच आलेलं, सीडी कधी मिळालीच नव्हती. आता उरला मार्ग माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हचा. तो घालून लॅपटॉप सुरू करायचा तर आधी बूट मेनूत जायला हवं. त्यासाठी कुठलं बटन, ते प्रत्येक कंपनीनं आपापल्या घरचं ठेवलंय. एफ-२, एफ-१०, एफ-१२, एस्केप. योग्य क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तो गेला की पुन्हा पहिल्यापासून. तिघं मिळून वाकून कीबोर्डवर टकटक करत होतो. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी पावतीपुस्तक मागायला आले आणि हे दृश्य पाहून काही न मागता परत गेले.

शेवटी पेनड्राइव्हवरचं लिनक्स उठलं. त्यात टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम चालवला. दिसायला तो अगदीच गावठी. काळ्यावर पांढरी अक्षरं, चित्र एकही नाही. पण डिलीट म्हणजे सातबाऱ्यावरची ओळ खोडणं. घर तिथंच असतं, आणि कुणी त्यावर नवं बांधलं नसेल तर हद्दीच्या खुणा शोधून ओळ पुन्हा लिहिता येते. टेस्टडिस्क तेच करतो. अॅनालाइज, क्विक सर्च, आणि एकामागून एक हिरव्या ओळी. विंडोज. डी. आणि उडवलेलं लिनक्स, जिथल्या तिथं.

"सापडलं!" भाचा ओरडला.

"काय सापडलं?" ताई स्वयंपाकघरातून.

"लिनक्स!"

"ते कशाला शोधताय? मला विंडोज हवंय!"

इथं मला जरा अवघड गेलं. विंडोज परत हवं असेल तर जे लिनक्स तिच्या मुलानं काढून टाकलं तेच आधी परत आणावं लागेल, कारण विंडोजच्या घरची वाट आता फक्त लिनक्सला ठाऊक आहे. हे खजिनदार बाईंना पटवणं सोपं नव्हतं. "म्हणजे गेलेलं भूत परत आणायचं?" एवढंच ती म्हणाली. मी 'राइट' दाबलं. प्रोग्रामनं 'वाय का एन' विचारलं. भाच्यानं डोळे मिटले. रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा मेनू जणू काही घडलंच नाही अशा थाटात उभा. पहिल्या ओळीत उबुंटू, मग त्याचे जास्तीचे पर्याय, मग मेमरी तपासायच्या दोन ओळी, ज्या आजवर कुणी हौसेनं निवडल्याचं ऐकिवात नाही, आणि सगळ्यांत खाली, पाचव्या ओळीत, विंडोज. टाकीचा हिशोब वेळेवर मीटिंगला पोचला. तिथं त्यावरून भांडण झालं, पण त्याला लिनक्स जबाबदार नाही.

मेनू दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात चार वेळा खालचा बाण दाबून एंटर मारला तर विंडोज, नाहीतर उबुंटू. ताई बटन दाबून कुकर बघायला जाते आणि परत येते तोवर उबुंटू आलेलं असतं. मग ते बंद करा, पुन्हा सुरू करा, या वेळी तिथंच उभी राहा. विंडोजला पहिल्या ओळीत आणणं दोन मिनिटांचं काम आहे. मी करायला बसलोही होतो, पण भाचा म्हणाला, "मामा, राहू दे, ते मी करतो, सोपंय." त्याला बरेच महिने झाले. तो करतोच आहे.

यातून एक वेगळंच लचांड निघालं. लिनक्स कम्प्युटरच्या आतल्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोजची समजूत अशी की आतलं घड्याळ स्थानिक वेळच सांगतं. त्यामुळं चुकून उबुंटू उघडलं आणि मग विंडोजमध्ये गेलं, की सकाळचे अकरा वाजलेले असताना कोपऱ्यात साडेपाच दिसतात. इंटरनेटवरून विंडोज आपली वेळ सावकाश सुधारून घेतं, तोवर ताईनं कुकरसाठी आणखी एकदा बूट चुकवलेलं असतं. डिसेंबरात मी गेलो तेव्हा तेच दिसलं. म्हटलं, "ताई, एका आज्ञेचं काम आहे, आत्ता नीट करतो."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "लेक लंडनला गेल्यापासून फोन करायच्या आधी मला रोज बोटं मोजावी लागायची. आता कोपऱ्यात बघते आणि लावते."

मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनवाले आपली घड्याळं तासभर पुढं करतात, हे मी तिला सांगितलं नाही. भाच्याला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "ते मी करतो, सोपंय."